केराचा तास

मास्तरकी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. कोपऱ्यात केर साचावा तसे ते आपोआप साचतात, आणि चार मित्र जमले की झाडून पुढं आणावे लागतात. माझ्याकडं तर एकाच शाळेतले, एकाच वर्षातले इतके आहेत की बायको विचारते, "अहो, त्या वर्षी तुम्ही शिकवलंत कधी?"

सन पन्नासनंतरचा तो काळ. मी बारामतीचा, नवाकोरा मास्तर. नेमणूक झाली इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळच्या एका वाडीवर. शाळेत मास्तर दोनच. एक मी, दुसरे हेडगुरुजी गोविंदराव. हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांनी टकळीवर सूत कातायचं, असा रिवाज होता. सूत तुटायचं, तुटलं की छडी बसायची, छडी बसली की पुन्हा सूत तुटायचं.

मी गोविंदरावांना म्हटलं, "त्यापेक्षा ज्या ऋतूत रानात जे मिळतं, त्याच्या वस्तू करू या."

"म्हणजे केर गोळा करायचा आणि त्याचा पुन्हा केरच करायचा!" गोविंदराव म्हणाले. पण माणूस मनानं वाईट नव्हता. टकळ्या पेटीत घालून त्यांनी पेटी कोपऱ्यात ठेवली आणि अट घातली. "चैत्रात दिपोटीसाहेब शाळा तपासायला येतील. तोवर सगळ्या वस्तू जपून ठेवा. त्यांना पसंत पडल्या तर तास चालू, नाहीतर ही पेटी पुन्हा उघडणार!"

मुलं खूश झाली. सगळ्यात जास्त खूश झाली चौथीतली शेवंता. तिच्या घरी मेंढरं होती. तिचे आजोबा, म्हणजे आबा, तिला फक्त या तासाच्या दिवशीच शाळेत सोडायचे. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं.

"गुर्जी, पोरगी अक्षर शिकली का न्हाय, मला काय कळतंय? पर झाडायला शिंदीचा फडा घेऊन आली, तर तो घरात दिसतोय की!"

तास बंद झाला असता तर शेवंता कायमची मेंढरांमागं गेली असती. त्यामुळं मला दिपोटीसाहेबांची धास्ती वाटायची, ती माझ्या नोकरीसाठी नव्हती.

*

सुरुवात झाली बेंदराला. ओढ्याकाठची काळी माती आणून मुलांनी बैल केले. दुसऱ्या दिवशी गावातले मोठे बागायतदार तात्या तावातावानं शाळेत आले. त्यांचा महादू दुसरीत होता.

"गुर्जी, आमच्या महादूनं एकच बैल का केला? गावाला वाटंल, तात्यानं एक बैल इकला!"

मी म्हटलं, "माती संपली, तात्या."

तात्यांनी स्वतः जाऊन माती आणली, उपरणं बाजूला ठेवलं आणि शाळेच्या ओट्यावर बसून दुसरा बैल केला. दांडगं वशिंड काढलं, बाभळीच्या काट्यांची शिंगं लावली. तासभर माणूस हलला नाही. शेवटी महादू भीत भीत म्हणाला, "तात्या, ह्यो लई मोटा झालाय. जोडी जमत न्हाय."

"मग तुझ्या बैलाला जरा खायला घाल की!" तात्या म्हणाले.

श्रावणात शाळेची कौलं गळाली आणि कपाटावरच्या सगळ्या बैलांचा चिखल झाला. गोविंदराव खाली वाकून बघत म्हणाले, "जनावरं दगावली. आता पंचनामा करा, मास्तर!"

*

ज्वारी निघाली आणि मुलांनी तिची ताटं सोलून बैलगाड्या केल्या. चाकं तेवढी मातीची, भाजून घेतलेली. पंधरा-वीस गाड्या खिडकीत ओळीनं उभ्या राहिल्या. त्या बघून गोविंदरावसुद्धा काही बोलले नाहीत, म्हणजे आवडल्या होत्या.

दुपारच्या सुट्टीत शेवंताची शेळी तिच्या मागोमाग शाळेत आली. आम्ही जेवून येईपर्यंत शेळीचंही जेवण झालं होतं.

गोविंदराव भडकले. "आता साहेबांना काय दाखवायचं? शेळी?"

शेवंता घाबरली, पण तोंड बंद ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. खिडकीत चाचपून तिनं दोन्ही हात पुढं केले. "चाकं हायत की, गुर्जी!"

*

उरलेल्या ताटांचे मुलांनी चष्मे केले. गोविंदराव वर्गात शिरले तेव्हा अख्खी चौथी चष्मे लावून गंभीरपणे बसली होती. शाळेत खरा चष्मा त्यांचा एकट्याचा. त्यातून त्याची एक दांडी मोडलेली, तिथं ते दोरा बांधून कानाला अडकवायचे. त्यांना वाटलं, ही आपलीच नक्कल!

"काढा ते! हा काय तमाशा आहे?"

सगळ्यांनी चष्मे काढले. शेवंता मात्र त्यांच्या कानाकडं बघत राहिली.

"गुर्जी, तुमची दांडी बसवून देऊ?"

तिला कोपऱ्यात उभं केलं गेलं. दुसऱ्या दिवशी गोविंदराव शाळेत आले, तर चष्म्याला ज्वारीच्या ताटाची झकास दांडी! मी बघतोय हे पाहून म्हणाले, "केर तो केरच. ही आपली तात्पुरती सोय."

ती तात्पुरती सोय त्यांनी उन्हाळा लागेपर्यंत वापरली.

*

मग आली होळी. उसाच्या तुऱ्यांचे गुच्छ, चिपाडांची घरं, बाभळीच्या शेंगांची पैंजणं, असं बरंच सामान आम्ही ओट्यावर मांडून ठेवलं होतं. होळीसाठी गावातली पोरं कुणाचं काय उचलतील याचा नेम नसतो, हे मी बारामतीचा असून विसरलो. सकाळी ओटा झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता.

मी तडक तात्यांकडं तक्रार घेऊन गेलो. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"होळीत गेलेलं मागं मागायचं नसतंय, गुर्जी. पर एक सांगतो. आवंदा होळी अशी पेटली म्हणता, का इचारू नका! तुमच्या पोरांचं काम लई चांगलं हाय!"

वर्षभरात मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्र ते!

*

चैत्र आला आणि आमच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. शेवंता आता रोज यायला लागली. आबांना तिनं काय सांगितलं देव जाणे. पोरं भरभर कामाला लागली. शिंदीच्या पानांची चटई आणि पंखा झाला, वडाच्या पानांच्या पत्रावळी झाल्या, बांधावरच्या घायपाताची दोरी वळून झाली. मी ते सगळं टेबलावर मांडलं आणि शेळी बांधून ठेवायला सांगितली.

दिपोटीसाहेब ऐन दुपारी सायकलवरून आले. लालबुंद झाले होते, घामानं सदरा भिजला होता. गोविंदरावांची तारांबळ उडाली. शाळेतल्या एकुलत्या एका खुर्चीची बैठक फाटलेली. त्यांनी टेबलावरची चटई ओढली, घडी घालून खुर्चीवर टाकली. साहेब बसले.

"फार उकडतंय हो!"

पंखा गेला.

तेवढ्यात तात्या भाजक्या शेंगा आणि गूळ घेऊन आले. आता साहेबांना द्यायचं कशात? पत्रावळ गेली. टेबलावर फक्त दोरी उरली. मी गोविंदरावांना डोळ्यांनी खुणावत होतो, पण ते आदरातिथ्यात बुडाले होते.

साहेबांनी शेंगा संपवल्या, पाणी प्यायले आणि पंखा हलवत म्हणाले, "हं. आता हस्तव्यवसायाचं काम दाखवा."

गोविंदरावांनी टेबलाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. साहेबांची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली.

"काहीच नाही? मग त्या टकळ्या का बंद ठेवल्यात?"

मागून शेवंता उठली.

"सायेब, जरा उभं ऱ्हावा की."

"का गं?"

"आमची चटय तुमच्या खाली हाय. पंका तुमच्या हातात हाय. तुमी खाल्लं ती पत्रावळ बी आमचीच." मग ती तात्यांकडं वळली. "शेंगा तेवढ्या आमच्या न्हाईत, त्या तात्यांच्या."

साहेब उभे राहिले. चटई उचलून त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. पंख्याकडं पाहिलं. हसले की नाही, ते मिशांमुळं कळलं नाही. शेवटी सायकलकडं निघताना त्यांनी विचारलं, "हा पंखा मी नेऊ का?"

शेवंतानं धावत जाऊन सायकलचं कॅरियर धरलं.

"पंका न्या, सायेब. पर तास ठिवून जावा!"

साहेब थांबले. परत वर्गात आले. कोपऱ्यातल्या पेटीवरची धूळ त्यांनी बोटानं पुसली.

"गोविंदराव, या टकळ्या दुसऱ्या शाळेला उपयोगी पडतील. पेटी माझ्या सायकलला बांधा. दोरी आहे ना?"

चष्मा सावरत गोविंदराव छाती काढून म्हणाले, "आहे की, साहेब! आमच्या मुलांनीच वळलीय!"