चाकणला ऐकू गेलेलं पुस्तक

मी भूतखेत मानत नाही. कुणाच्या अंगात आलं तरी मी लांबूनच बघते. तुम्ही सगळे इथे ग्रुपवर आपापले अनुभव लिहिता, मी वाचते आणि गप्प बसते. आज मीच लिहितेय... पाठवीन की नाही, माहीत नाही.

आम्ही चिखलीत राहतो. दोन खोल्या, मध्ये पडदा. माझे मिस्टर आणि धाकटे दीर दोघंही कामाला लांब चाकणला, वेगवेगळ्या कंपन्यांत. मामंजी छातीत दुखून गेले, तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. दवाखान्यात दुसरा नेईल, अशा भरवशावर दोघंही राहिले होते. नंतर भावजींनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. तोंड बघायला नको.

वाकडला मी स्वयंपाक करते, तिथल्या ताईंनी रद्दीतलं एक जाडजूड पुस्तक दिलं. रशियातली जुनी गोष्ट, मराठीत केलेली. बापाचा खून होतो, आणि ज्या पोरानं हातही लावला नाही त्यालाही वाटत राहतं – मीच मारलं. नावं फार अवघड, म्हणून मी थोरला, मधला, धाकटा असंच म्हणते. माझी शाळा चौथीपर्यंत. तोंडानं पुटपुटल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. पण दुपारी भावजी पडद्याआड झोपलेले, म्हणून अगदी हळू वाचते.

त्या दिवशी मधल्याची, म्हणजे 'मीच मारलं' म्हणणाऱ्याची पानं आली. ऊन फरशीवरून सरकत होतं. घरात कुणीतरी श्वास धरून ऐकतंय असं वाटलं. पुस्तकातला बाप तर वाईट होता... आमचे मामंजी किती चांगले! मग या दोघांना किती जड जात असेल? मला पुढं वाचवेना. पुस्तक मिटलं.

हे दिवसपाळी संपवून आले ते दारातच उभे राहिले. चप्पलही काढली नाही.

"मध्येच का थांबलीस? त्या मधल्याचं पुढं काय झालं?"

"कुठला मधला?"

"ज्याचा बाप मेला तो! पत्रा दाबायचा प्रेस धडधडत होता, कानांत बोळे होते, तरी तुझाच आवाज. सुपरवायझर म्हणाला, काय राव, उभ्या उभ्या झोपला का?"

हसतील म्हणून पुस्तकाचं मी यांना कधी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात पडद्याआडून भावजी म्हणाले, "मी पण तिथंच अडकलोय, दादा. रोज ऐकतो. झोप कुठं लागते मला..."

हे तिथंच खाली बसले. म्हणाले, "मला तरी कुठं लागते रे."

भावजी पडदा सारून बाहेर आले आणि यांच्या शेजारी बसले. मी पान शोधलं.

शेजारीण म्हणते, तुझा आवाज भिंतीपलीकडंसुद्धा येत नाही गं. तो चाकणला कसा पोचला, मला आजही सांगता येत नाही.