लेखकाने गप्प बसायचं!

चहा येऊ दे आधी. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही हं. फजिती माझी आहे, ती मलाच सांगू द्या!

मी मालवणात कॉलेजात मराठी शिकवतो आणि दर शनिवारी मुलांची लेखन कार्यशाळा घेतो. असला वर्ग अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही. कोण म्हणतं? मीच म्हणतो, आणखी कोण म्हणणार!

वर्गाची रीत अशी. प्रत्येकाने एक लिखाण आणायचं, पण कागदावर नाव घालायचं नाही. सगळे कागद एका डब्यात. मी एक उचलून मोठ्याने वाचणार, मग गोल बसलेल्या पोरांनी बोलायचं. आधी काय आवडलं ते, मग कुठे अडखळलो ते. आणि सगळ्यात मोठा नियम मी फळ्यावरच लिहून ठेवलाय: लेखकाने गप्प बसायचं! 'मला असं म्हणायचं होतं' वगैरे काही नाही. काय म्हणायचं ते कागद म्हणेल.

आता निनावी म्हणायचं आपलं. गोष्टीत पर्यटकांची होडी आली की पोरं तारकर्लीच्या मुलाकडे बघतात, घाट आला की वैभववाडीच्या मुलीकडे. कुणाचा कागद कुठला, सगळ्या वर्गाला कळतं. फक्त मला कळत नाही.

तर यंदा प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "सर, शनिवारचा तुमचा तास तलाठी भरतीच्या क्लासला द्यावा म्हणतो. गोष्टी लिहून पोरांना मिळतं काय?"

"थांबा, मला कळलं!" मी म्हटलं. "तुम्हाला पुरावा हवाय!"

ते आणखी काहीतरी बोलणार होते, पण मी ऐकतोय कशाला? सांगून मोकळा झालो. स्नेहसंमेलनात माझ्या वर्गातलं एक लिखाण वाचलं जाईल. हॉल दणाणला नाही, तर तास तुमचा. म्हणजे बघा, वर्गाचा जीव टांगणीला लागला, आणि लावला कोणी? मीच!

पुढच्या शनिवारी डब्यातून कागद निघाला. नाव 'भोंगो'. जत्रेत तो मोठा कर्णा लावतात ना, तो भोंगा. एका माणसाला गावाने ठेवलेलं टोपणनाव. कुणी तोंड उघडलं की त्याचं वाक्य हाच पुरं करणार. हा भोंगो मसुऱ्यात एका घरी जातो. ओटीवर मोडका बाकडा. घरातला म्हातारा आजो त्याला सावध करू बघतो.

"रे, त्या बाकड्याचो पाय..."

"पाय? थांब, माका कळला! पाय दुखतत तुझे. निरगुडीचो पालो बांध."

"माझो नाय रे! तू बसलंस तर..."

"बसतलंय मां! न बसता जातलंय खंय? माका कळला!"

आणि भोंगो बसला. पुढचं सांगायला हवं का?

वाचता वाचता मला हसून ठसका लागला. पोरंही हसत होती, पण सगळी माझ्याकडे बघून. मला वाटलं, वाचनाला दाद आहे. अहो, मी वाचतोच तसा!

शेवटी मात्र जमिनीवर आडवा झालेला भोंगो शहाणा होतो आणि पुढे जन्मभर दुसऱ्याचं ऐकून घेतो. मी कागद टेबलावर आपटला. "हा शेवट खोटा! असली माणसं सुधारत नाहीत. मी पाहिलीत ना! कापा हा शेवट!"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "व्हय सर."

लिखाण निवडलं आणि लेखकाचं नाव विचारलं. उभी राहिली तन्वी. मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली पोर! (तिला तोंड उघडायला कुणी सवड दिली होती, ते विचारू नका.) तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

"सर, तो भोंगो म्हणजे..."

"थांब, मला कळलं! भोंगो म्हणजे आजचा समाज!"

"नाय सर, माका तुमका एक सांगूचा..."

मी नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं. लेखकाने गप्प बसायचं!

शिवाय मला भोंगो कधीच ओळखू आला होता. आमचे भूगोलाचे सर! आमच्या भागात प्रत्येकाला टोपणनाव असतं, आणि ज्याचं असतं त्यालाच तेवढं ते ठाऊक नसतं. मला बिचाऱ्याची दया आली. संमेलनात मी त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं आणि कानात म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी माझा हात दाबला. "तुम्हीही नका लावून घेऊ, सर."

काय मोठ्या मनाचा माणूस, मी म्हटलं.

इतक्यात तन्वी पुन्हा हजर. चेहरा उतरलेला. "सर, तुम्ही रागावलात तर..."

"थांब, मला कळलं! स्टेजची भीती! खोल श्वास घे आणि जा!" जवळजवळ ढकललीच तिला.

आणि काय वाचलं हो पोरीने! बाकडा मोडला तिथे प्राचार्य डोळे पुसत होते. अख्खा हॉल माना वळवून माझ्याकडे बघत होता. गुरू म्हणून बघणारच! मी उठलो, मागे वळलो, नमस्कार केला. हशा वाढला. म्हणून पुन्हा एकदा केला.

"सरांनी दोन शब्द बोलावेत," प्राचार्य म्हणाले. मी माइक हातात घेतला, तर तन्वी धावत आली. "सर, बोलूच्या आधी आयका तरी! तो भोंगो..."

"थांब, मला कळलं!"

चालू माइकवर!

मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "भोंगोऽऽ!" आणि हॉल असा दणाणला की छपराचे पत्रे थरथरले.

तेव्हा कुठे कळलं मला. खरोखरचं कळलं! कान लाल झाले. वाटलं, तिथूनच बंदरावर जावं आणि मिळेल त्या होडीत बसावं. समोर तन्वी रडकुंडीला आलेली. पण खरं सांगू? तिच्याकडे बघितलं आणि माझी छाती अशी फुगली! दोन पानांत या पोरीने मला जिवंत उभा केला होता, आणि मलाच हसवला होता. कुठे शिकली ती? माझ्या वर्गात!

"शाब्बास, तन्वी!" मी म्हटलं आणि खाली बसलो. दोन शब्द मागितले होते, आयुष्यात पहिल्यांदाच दोनच बोललो.

तास वाचला. तलाठी भरतीवाले आता रविवारी बसतात.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "आजपासून मी बदललो. आता फक्त ऐकणार." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी पडवीत आलो, तर आतून तिची हाक आली.

"अवो, त्या खुर्चेक..."

"थांब, मला कळलं! उन्हात घ्यायची ना?"

घेतली आणि बसलो. बायकोने पहाटेच निळा रंग दिला होता तिला.

लेंगा अजून निळा आहे. पण मला एवढंच सांगा, गोष्टीचा तो शेवट खोटा आहे, कापा, असं वर्गात कोण म्हणालं होतं? मीच ना? शिक्षक म्हणून आपली नजर चुकत नाही हो!