पाटाकडेचे चार चौकोन
बायकोलाही हे सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही धड माहीत नाही.

मी वसईत वनस्पतिशास्त्र शिकवायचो. शाली, श्रीफळं, दीपप्रज्वलन, या सगळ्याची वर्गात मनसोक्त टिंगल करायचो. खोटेपणा मला लांबून ओळखता येतो, असा माझा लौकिक होता. दुसऱ्यांचा खोटेपणा — एवढं सांगायचं राहून जाई.

एका जागेत जितक्या जास्त जातींची झाडं, तितकी एकूण वाढ जास्त. हे मला स्वतः मोजून दाखवायचं होतं. आगाशीच्या इनासकाकांनी आपल्या वाडीतला एक तुकडा दिला. त्यांच्याकडे नारळाखाली केळी, केळीखाली अळू, सुपारीवर पानवेल. त्यांना हे शिकवायची गरज नव्हती. तरी मी शिकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

सुंभ ताणून आम्ही सोळा चौकोन आखले. दिवाळीनंतर पेरणी केली. काहींत नुसती ज्वारी किंवा नुसता वाल, काहींत चार जाती, काहींत आठ. कोणता चौकोन कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. मी टाकल्या नाहीत. आठ जातींचे चारही चौकोन पाटाकडेला घेतले. का? बांधावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना नीट दिसावेत म्हणून.

शिमग्याच्या सुमारास सगळं कापलं, वाळवलं, तोललं. आठ जातींचे चौकोन बरेच पुढे निघाले. काट्याशेजारी उकिडवे बसलेले काका म्हणाले, "सर, तिथे पाट गळतो. तुम्ही झाडं नाही, पाणी मोजलंत."

मला ते त्याच क्षणी पटलं. न पटतं तर आज सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. अहवालात मी लिहिलं — पाणी सर्वत्र सारखं.

मग अहवाल वाचून मुंबईहून पाहुणे आले. भाषणं झाली. नारळाच्या वाडीत नारळ देऊन काकांचा सत्कार झाला, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पाहुण्यांतल्या एका बाईंनी पाण्याबद्दल विचारलं. काकांनी पाटाकडे बोट केलं. तेवढ्यात मी हसत, अगदी सहज बोललो, "काकांना सगळीकडे पाणीच दिसतं. विहिरीचे मालक ना." सगळे हसले. काकांनी बोट खाली घेतलं. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

ते तत्त्व खोटं होतं का? नाही. इतरांनी ते प्रामाणिकपणे तपासलंय. मी त्यावर कित्येक वर्षं निर्धास्त झोपलो. पण माझ्या चौकोनांनी ते दाखवलं नव्हतं — आणि जो माणूस जन्मभर तसंच पिकवत आला, त्यालाच मी चारचौघांत अडाणी ठरवलं होतं.

काही दिवसांनी काकांचा फोन आला. झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "पाट बांधून घेतलाय, सर. आता पुन्हा पेरा. जागा राखून ठेवतो." मी हो म्हणालो.

गेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका कामासाठी बसने आगाशीला निघालो होतो. खिडकीतून तो तुकडा दिसला. वीतभर जमीन रिकामी न सोडणाऱ्या माणसानं तेवढी जागा मोकळी ठेवली होती, तण काढून, नवे सुंभ ताणून. काका तिथेच वाकून ढेकळं फोडत होते.

माझा थांबा पुढचाच होता. मी उतरलो नाही.