बँकेतली गंगाजळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं. चुकेल तिथं सांभाळून घ्या. मासिकात लोकांचे असले अनुभव येतात, ते माझी मुलगी सुजाता मला वाचून दाखवते. म्हणून मीही लिहायला बसले. पाठवायचं धाडस होईल असं वाटत नाही... कारण यातलं बरंचसं सुजातालाच ठाऊक नाही.

आधी एक सांगते. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव, टाक, गंडेदोरे एका दिवसात बाहेर काढले होते. भूत, करणी, अंगात येणं — मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांवर, पहिल्या मजल्यावर एक लहान सहकारी बँक होती. नाव लिहीत नाही. सुजाताचे वडील फौंड्रीतल्या अपघातात गेले, त्यानंतर मी तिथं झाडलोटीला आणि चहाला लागले. फौंड्रीकडून मिळालेले चाळीस हजार मी तिथंच मुदतीनं ठेवले. सुजाताला नर्स व्हायचं होतं. ते पैसे त्याचेच, दुसऱ्या कशाचे नाहीत.

पावती घेतल्यावर मी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. मॅनेजर देसाईसाहेबांनी ते पाहिलं.

"मावशी, भिऊ नगासा. लोकांचं सगळं पैसं आम्ही कर्जाला वाटत न्हाय. थोडं कायम बाजूला ठेवायचं, असा वरचा नियम हाय. ती आमची गंगाजळी. ती भरल्याली हाय तवर कुणाचं काय बुडत न्हाय."

असं म्हणून त्यांनी मागं तिजोरीकडं हात केला.

तिजोरीच्या वर, भिंतीतल्या फळीवर तांब्याचा एक गडू होता. बँक उघडली तेव्हा चेअरमननी काशीहून आणलेला, आत गंगेचं पाणी, तोंड कथलानं झाळून बंद केलेलं. मला वाटलं, साहेब त्याचंच बोलतायत. मनात आलं, एवढी शिकलेली माणसं आणि पैशाची राखण पाण्यावर! पण बँकेचा नियमच तसा असेल, असं समजून गप्प बसले. विचारायची माझी छाती नव्हती.

दर सोमवारी मी तो गडू खाली घेऊन पुसायची. आधी संकोच वाटे, आपण हात लावावा की नाही. साहेबच म्हणाले, "पुसा की वो. तांबं हाय ते, त्याला काय कळतंय?" गडू चांगला जड होता. दोन वर्षांत त्याचं वजन माझ्या मनगटाला पाठ झालं होतं. गळ्यापाशी कुठंतरी आदळून पडलेला एक पोचा होता, तोही.

दोन हजार सालचा उन्हाळा. सुजातानं बारावीची परीक्षा दिली होती. एका सोमवारी गडू उचलला आणि हात जास्तच वर गेला. हलका! हलवून पाहिला, पाणी अर्ध्यावर वाजत होतं. पुढच्या सोमवारी आणखी कमी. खालचं फडकं कोरडं ठणठणीत. झाळ जशीच्या तशी, कुठं ओल नाही, डाग नाही. तिसऱ्या सोमवारी तळाशी घोटभर काहीतरी हललं... बस.

माझा जीव चाळीस हजारांत अडकलेला. कॅशियर अण्णांना सांगावं म्हटलं, तर ते चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मावशी, साखरबी राखीव ठेवलीसा व्हय आज?" सगळे हसले. मी कपबशा उचलून बाहेर आले.

दुपारी साहेबांना एकट्यांना पाहून दारात उभी राहिले.

"साहेब... गंगाजळी लई कमी झालीय."

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. उठून त्यांनी दार लावलं.

"कुणी सांगितलं तुमास्नी?"

"कुणी न्हाय. हाताला लागलं."

"कुणाच्या हाताला? खरं बोला. अण्णा बोलला?"

"माझ्याच. तळाला घोटभर राहिलीया."

ते खुर्चीत बसले. रुमालानं मान पुसली. हळू आवाजात म्हणाले, "चेअरमनच्या पावण्यांस्नी कर्जं दिली, येक बी परत आलं न्हाय. बाजूला ठेवायचं पैसं बी त्यात गेलं. लोकांस्नी कळलं, सगळी येकदम दारात आली, तर दोन दिस बी पुरायचं न्हाय. मावशी, तुमी बाईमाणूस. उद्या अकराच्या आत मुदत मोडा, पैसं घ्या. आणि कुठं बोलू नगासा."

तेव्हा मला कळलं की गंगाजळी म्हणजे गडू नव्हे. साहेबांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही की मी गडूचं बोलत होते.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पावती पिशवीत घालून नेहमीपेक्षा लवकर गेले. अण्णा यायचे होते. वार मंगळवार, गडू पुसायचा दिवस नव्हे. पण पाय तिकडंच गेले. एका हातानं उचलायला गेले — गडू हलेना. दोन्ही हात लावले. इतका जड की छातीशी धरावा लागला. आत पाणी गच्च भरलेलं, त्याचा गारवा लुगड्यातून अंगाला लागला. फिरवून पाहिला. तोच पोचा, तीच झाळ.

गडू परत फळीवर ठेवला आणि झाडू हातात घेतला.

साडेदहा वाजले. अण्णांनी काउंटर उघडलं. साहेब केबिनमधून माझ्याकडं दोनदा बघून गेले. आणि मी... पावती पिशवीतच राहू दिली. गडूचा आणि पैशाचा काही संबंध नाही हे आदल्या दिवशीच समजलं होतं. तरी राहू दिली, अकरा वाजून गेले. जन्मात एकदाच असल्या गोष्टीवर विश्वास ठेवला, तो असा.

गुरुवारी बँकेच्या जिन्यात माणूस शिरत नव्हता. "आमचं पैसं टाका!" म्हणून लोक दारं बडवत होते. दुपारी कागद चिकटला — एका खात्याला हजार रुपये, बाकी पुढचा हुकूम येईपर्यंत बंद. शनिवारी वरून आलेले दोन अधिकारी सामानाची यादी करू लागले. फळीवरचा गडू एकानं दोन बोटांनी उचलला.

"लिहा. गडू तांब्याचा, एक. रिकामा."

अण्णा म्हणाले, "रिकामा कसा वो? काशीवरनं झाळून आणलाय."

त्या अधिकाऱ्यानं गडू कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. यादीखाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

नंतर पुष्कळ विचार केला. काळजीनं हात कमजोर झाले असतील, भास झाला असेल. पण गारवा? तो तर अंगाला लागला होता. कुणी गडू बदलला म्हणावं तर पोचा तोच. मला आजही याचं उत्तर मिळालेलं नाही.

सुजाताचा प्रवेश त्या जूनमध्ये हुकला, पुढच्या जूनमध्येही. कुठं हात पसरायचं मला जमलं नाही. ती दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागली, मग तिचं लग्न झालं. पाच वर्षांनी एका मोठ्या बँकेनं आमची बँक घेतली, आणि पैसे न्या म्हणून कार्ड आलं. सुजाता माझ्याबरोबर रांगेत उभी होती, कडेवर वर्षाची पोर. काचेतून नोटा आल्या.

"आई, मोज की नीट."

मी मोजल्या. आधी मिळालेले हजार धरून चाळीस हजार. परत मोजल्या.

"पुरं हाईत?"

"पुरं हाईत," मी म्हटलं. एक रुपया कमी नव्हता.