परभणी, वीस मिनिटं

ढोकीचे लालमहंमदभाई लग्नं जुळवतात आणि दोन गावांमधलं अंतर विमानानं मोजतात. मोबाईलवरच्या कुठल्याशा साइटनं त्यांना ही विद्या दिली. विमान सुटतं कुठून, हे साइट सांगत नाही आणि भाईंचंही त्यावाचून कधी अडलं नाही.

बिस्मिल्लाबींची अट एकच होती. लेक आरजू जवळ द्यायची, सकाळी भेटून संध्याकाळी घरी येता आलं पाहिजे. भाईंच्या हातात स्थळ होतं परभणीचं. विमानाचं चित्र अंगठ्याखाली झाकून त्यांनी मोबाईल पुढं धरला.

"बघा भाभी, वीस मिनिटं! एवढ्यात तुमचं दूध बी उतू जात न्हाय."

बिस्मिल्लाबींनी परभणी कधी पाहिली नव्हती. खुशीत त्यांनी लगेच मुलाच्या आईला फोन लावला, स्पीकरवर. "वीस मिनिटांचा तर रस्ता, बाजी. मी दर जुम्म्याला येत जाईन!"

पलीकडून आवाज आला, "लालमहंमदभाईंना सांगा, इतक्या जवळचं माहेर आम्हाला नको."

स्थळ हातचं जातंय म्हटल्यावर भाई फोनवर झुकले. "कसलं जवळ, बाजी! ते विमानाचं हाय, अन् इथं विमान हाय कुठं? एसटीनं जायलाच अर्धा दिवस मोडतो. वर्षातून एकदा आल्या तरी लई!"

"असं व्हय? मग आमची हरकत न्हाय," बाजी खुलल्या.

बिस्मिल्लाबींनी फोन बंद केला.

"भाई, तुमचं घर इथून पायी किती लांब?"

"हे काय, दोन मिनिटं."

"मग निघा."