मधला 'अ'

मर्ल टॅपस्कॉटनं ऑस्ट्रेलियातल्या बरूंगा गावच्या साप्ताहिकात चाळीस वर्षं छपाईचे खिळे जुळवले. एवढ्या वर्षांत तिच्या हातून नाव घेण्यासारखी एकच चूक झाली, तीही एका अक्षराची. पण मेली कुठं व्हावी? क्लेम डोनेलीच्या बातमीत!

क्लेम मेंढ्या कातरायचा. नाताळातही दोन बिअरच्या वर कधी गेला नाही. आई गेली त्या आठवड्यात मात्र तो भरपूर प्यायला आणि खाटकाच्या दुकानाची काच फोडून बसला. कोर्टाच्या बातमीत "वॉज ड्रंक" असं हवं होतं, म्हणजे प्यालेला होता. मर्लनं मध्ये एक "अ" जुळवला. "वॉज अ ड्रंक", म्हणजे दारुडा होता. झालं! प्यालेल्याची सकाळी उतरते. दारुड्याची कधी उतरायची? पुढच्या अंकात दुरुस्ती आली, मेंढ्यांच्या बाजारभावांखाली, कोपऱ्यात. ती कोण वाचतंय!

पबात त्याला "या, दारुडेबुवा" सुरू झालं. शनिवारच्या नाचाला ज्या मर्लला तो न्यायचा, ती, चूक आपली म्हटलं तर नोकरी जाईल म्हणून, मूग गिळून बसली. महिन्याच्या आत क्लेम क्वीन्सलँडला निघून गेला.

मर्लनं लग्न केलं नाही. विचारणारे आले होते की. पण तिला क्लेमच हवा होता, आणि ती ओढ काही केल्या सुटेना.

छत्तीस वर्षांनी गावच्या शताब्दीची आमंत्रणं पाठवायचं काम तिच्याकडे आलं. तिनं क्लेमच्या बहिणीकडून त्याचा नंबर मिळवला. आधी अंदाज घ्यावा म्हणून बेकरीतल्या वॅलला विचारलं, "क्लेम डोनेली आठवतो का गं?"

"कोण, तो दारुडा?" वॅल लॅमिंग्टन केक बांधत म्हणाली.

मर्लच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकदा प्यायला होता तो, वॅल. एकदा! तुझा ब्रूस दर शुक्रवारी पितो, त्याला काय म्हणतेस?"

"ब्रूस? तो दमलेला असतो गं बिचारा."

घरी येऊन मर्लनं टोपीसुद्धा न काढता फोन लावला.

"ये ना रे, क्लेम."

"कशाला? दारुडा आला, असं ऐकायला?"

"तो 'अ' मी घातला होता," ती एका दमात म्हणाली. "चुकून. आणि मग बोलायला घाबरले. आता सगळ्या गावापुढं उभी राहून सांगते, पण तू ये."

"तू घातलास ते ठाऊक होतं मला. कोर्टाचं पान तुझंच असायचं."

"मग भांडला का नाहीस माझ्याशी?"

"तू येऊन सांगशील म्हणून तीन आठवडे थांबलो होतो, मर्ल," क्लेम म्हणाला. "तू आली नाहीस. मग वाटलं, ती चूक नसेल, तुझं मतच असेल."