नातवाचं जहाज

बत्तिशीमामांना रस्त्यात ओळख द्यायची नाही, असा एक नियम होता. कुणी ठरवलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. मामा कवळ्या करत. दवाखान्यांतून तोंडांची मापं यायची, मामा प्लॅस्टरच्या साच्यावर मेणात एकेक दात बसवायचे आणि काही दिवसांनी कुणाच्या तरी तोंडात पुन्हा बत्तिशी यायची. मोडलेली कवळी घेऊन मात्र लोक थेट त्यांच्याकडेच यायचे, आणि यायचे ते लॅबच्या मागच्या, बोळातल्या दारानं. तिथं "मामा, तुमच्याशिवाय कोण हो आम्हाला," आणि रस्त्यात समोर आले की बँकेतल्या बाई मोबाइलमध्ये डोकं खुपसणार, रिटायर हेडमास्तर पलीकडच्या फुटपाथवर जाणार. मामांशी बोलणं म्हणजे चारचौघांत तोंडातून कवळी काढून दाखवण्यासारखंच की. मामाही मान खाली घालून जायचे.

"आपलं काम दिसलं की आपण फसलो," असं ते लेकीला सांगायचे. लेक त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. आता समोरच्या टेबलावर बसून ती त्यांच्यापेक्षा सरळ दात लावायची, आणि हे दोघांनाही माहीत असूनही कुणी बोलून दाखवत नव्हतं.

असा सगळा जन्म न दिसणाऱ्या वस्तू करण्यात गेला. आणि साठी जवळ आल्यावर मामांचं मन बसावं कशावर, तर खेळण्यांच्या दुकानाच्या काचेतल्या एका खोक्यावर.

खोकं कसलं, पेटाराच. वर चित्र होतं तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं. आत म्हणे काडीसारख्या बारीक फळ्या, त्या पाण्यात भिजवून, वाकवून, सांगाड्यावर एकीशेजारी एक चिकटवायच्या. दोऱ्यांच्या शिड्या आपण विणायच्या. पितळी तोफा नखाएवढ्या. पूर्ण झालं की टेबलभर जहाज, आणि ते काचेच्या कपाटात ठेवायचं, सगळ्यांनी बघावं म्हणून. मामा रोज घरी जाताना त्या काचेपुढं बुटाची नाडी बांधायचे. नाडीचे बूट त्यांनी त्यासाठीच पुन्हा काढले होते.

एकदाचा धीर करून ते आत गेले.

खेळणीवाला हा त्यांचं जुनं गिऱ्हाईक, वरची खालची दोन्ही. बोळातल्या दारात "मामा मामा" करणारा, पण स्वतःच्या गल्ल्यामागून त्यानं असं विचारलं की जणू जन्मात कधी पाहिलंच नाही.

"बोला साहेब, काय दाखवू?"

"काही नाही, सहज. ते जहाज जरा…"

"वा, नजर आहे साहेब. कुणासाठी?"

प्रश्न साधा होता. पण मागं एक बाई फुगे निवडत होती, शेजारी एक गृहस्थ बाहुलीची किंमत ऐकून उसासे टाकत होते. पैशांची अडचण नव्हती, अडचण तोंडाची होती. 'माझ्यासाठी' हा शब्द जिभेवर आला आणि दातांमागं अडकला.

"नातवासाठी," मामा म्हणाले.

"अरे वा. केवढा आहे?"

"सात."

"मग अवघड जाईल हो. आत धारेची सुरी आहे. चौदाच्या पुढं लिहिलंय बघा."

"हां, म्हणजे आता चौदाच झाला," मामा म्हणाले. "पोरं काय, बघता बघता वाढतात."

नातू एका श्वासात दुप्पट झाला. खेळणीवाल्याला ते खटकलं नाही, विकायला बसलेल्या माणसाला असलं काही खटकत नसतं. "मग बाजूला काढून ठेवतो. घरी विचारून या," तो म्हणाला. रिकाम्या हातानं कसं निघायचं म्हणून मामांनी एक शार्पनर घेतला आणि लाल कानांनी बाहेर पडले.

खरं म्हणजे मामांना नातू नव्हता. लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, औषधं झाली, एकदा तर पाळण्याचा रंगसुद्धा ठरला होता आणि मग काहीच राहिलं नाही. त्यानंतर त्या विषयाला घरात कुलूप लागलं. किल्ली कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण हात कुणी लावत नव्हतं.

त्या संध्याकाळी मामांनी बायकोपुढं खडा टाकून पाहिला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आपले ते डॉक्टर आहेत ना, त्यांनी म्हणे जहाज आणलंय. लाकडाचं. घरी जोडायचं असतं."

"कुठले डॉक्टर?"

"आहेत एक. माझ्याएवढे असतील."

"बायको वारली का त्यांची?"

"नाही गं. का?"

"नाही, मी आपलं विचारलं. घरात कुणी विचारणारं असतं तर ह्या वयात असलं सुचलं नसतं." तिनं उशीचा अभ्रा झटकला. "आणि धूळ कोण पुसणार त्या जहाजाची? डॉक्टर?"

मामांनी पेपर वर धरला आणि एकच बातमी तीनदा वाचली. म्हणजे घ्यायचं नाही, असं ठरलं. खेळणीवाल्याला सांगू, नातवाला आवडलं नाही म्हणून. सुंठीवाचून खोकला गेला.

पण खोकला बोळातल्या दारानं आत आला.

दोन दिवसांनी दुपारी मामा आणि लेक समोरासमोर कामाला बसलेले. दार ढकलून खेळणीवाला आला, रुमालात कवळीचे दोन तुकडे आणि गालांची पार पोकळी.

"माम्मा, बिश्किटानं घात केला बघा."

"ठेवा. संध्याकाळपर्यंत देतो," मामा घाईनं म्हणाले, आणि मधे उभे राहिले. पण दुकानात साहेब म्हणणारा हा माणूस इथं आला की घरचाच व्हायचा. तो मामांच्या खांद्यावरून लेकीकडं बघून हसला.

"ह्या लेक ना तुमच्या? ताई, तुमच्या मुलाशाठी जहाज काढून ठेवलंय हां. शगळं लाकडाचं. आजोबा रोज काचेतून बघतात, म्हटलं केवढी माया."

मामांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. लेकीच्या हातात मेणाचा चाकू होता आणि चाकूच्या टोकाला एक पटाशीचा दात. तिनं मामांकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग खेळणीवाल्याकडं वळून म्हणाली, "हो का? बरं झालं."

"हुशार असेल पोरगा. नाहीतर ह्या वयात कोण बशतंय हो एका जागी."

"बसतो," लेक म्हणाली. "हात आजोबांवर गेलेत त्याचे."

खेळणीवाला खूश होऊन गेला. दार लागलं. लेकीनं तो दात जागेवर बसवला, थोडा डावीकडं केला, परत उजवीकडं.

"किती वर्षांचा आहे, बाबा?"

मामांची दातखीळ बसली होती. "चौदा," ते कसेबसे म्हणाले.

"चौदा?" लेकीला हसू फुटलं. "अहो, म्हणजे मी कॉलेजात असतानाच की. आईला सांगितलंत का? तिला फीट येईल." ती हसत राहिली, चाकू खाली ठेवून हसली, आणि मग ते हसू मधेच कुठंतरी तुटलं. ती उठून आत हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. मेणाच्या हाताला एवढं पाणी लागत नाही.

बाहेर आली तेव्हा तोंड पुसलेलं होतं.

"जहाज कुणाला हवं होतं?"

"मला."

"मग तसं का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली गं. ह्या वयात खेळणं."

"आणि ह्याची नाही वाटली?"

तिनं पर्स उचलली, "साचा झाकून ठेवा, धूळ बसेल," एवढं म्हणाली आणि पुढच्या दारानं गेली.

मामांनी खेळणीवाल्याची कवळी जोडली. इतकी बेमालूम की सांधा भिंग लावूनही दिसला नसता. पहिल्यांदाच त्यांना त्या न दिसण्याची किळस आली. संध्याकाळी खेळणीवाला ती घालून, टकटक करून बघून निघून गेला, आणि मामांनी तेव्हाही काही सांगितलं नाही. बोळातलं बोलणं बोळातच राहतं. खोटं दुकानात बोललेलं होतं.

आता जहाज नको म्हणून टाकणं सगळ्यात सोपं. पण मग तो पोरगा त्या दुकानात तसाच राहणार, चौदाचा पंधरा होणार, आणि कवळी मोडली की खेळणीवाला दर वेळी लेकीला विचारणार, काय म्हणतोय चिरंजीव. आणि लेक दर वेळी सांगणार. ती सांगेल, ह्याबद्दल मामांना शंका नव्हती, आणि झोप उडाली ती त्यामुळंच.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले तेव्हा गिऱ्हाइकं होती. मामा दारात थबकले. एकदा वाटलं, गर्दी ओसरू दे. मग वाटलं, ओसरली तर धीरही ओसरेल.

"या साहेब," खेळणीवाला म्हणाला. "नातवाचं जहाज तयार आहे."

"मला नातू नाही," मामा म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तेव्हा लाजून बोललो. जहाज मला हवंय. माझ्या हौसेसाठी."

एक मुलगी आईच्या कानाशी लागली. खेळणीवाला हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. "मग काल त्या ताई…"

"माझी लेक. तिला मूल नाही. तिनं माझी लाज झाकली."

खेळणीवाल्याचा हात आपोआप तोंडावर गेला, कवळी निसटल्यासारखा. "अरे देवा," तो बोटांआडून म्हणाला, "आणि मी तिलाच हो…" नंतर कुणी कुणाकडं बघितलं नाही. त्यानं खाली वाकून खोकं काढलं, सवयीनं चकचकीत कागदाची गुंडाळी ओढली. "पॅक करून…"

"नको. असंच द्या."

ते धूड दोन्ही हातांत धरून मामा रस्त्यानं निघाले, चित्र बाहेरच्या बाजूला. मान खाली घालायची सोय नव्हती, हनुवटी खोक्यावर टेकत होती. हेडमास्तर समोरून आले, सवयीनं पलीकडं जायला वळले, आणि मग राहवलं नाही.

"काय हो हे? नातवाला?"

"नाही. मला."

"ह्या वयात?"

"ह्याच वयात," मामा म्हणाले. कान असे तापले होते की त्यावर मेण वितळलं असतं. घराचा जिना येईपर्यंत हेच आणखी दोघांना सांगावं लागलं, आणि सरावानं काही सोपं झालं नाही. बायकोनं दार उघडलं, खोक्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. "म्हणजे डॉक्टर तुम्हीच," एवढं म्हणून ती धुळीचं फडकं शोधायला गेली.

पण जहाज घरी राहिलं नाही. सकाळी मामांनी खोकं लॅबमध्ये नेलं आणि लेकीच्या समोर, आपल्या टेबलावर उघडं ठेवलं. लेक आली, बसली, दिवा लावला. खोक्याकडं तिनं बघितलं नाही.

"दुकानात सगळ्यांसमोर सांगून आलो," मामा म्हणाले.

"हं."

"तू पुन्हा माझ्यासाठी तसलं काही बोलू नकोस. तुझ्या पाया पडतो."

"बापानं पाया पडायचं नसतं," ती साच्याकडं बघतच म्हणाली.

दुपारपर्यंत दोघं दात लावत राहिले. जेवणाच्या सुट्टीत मामांनी जोडणीचा नकाशा पसरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सांगाड्याचे तुकडे मांडायला लागले. तळाचं मधलं लाकूड उचललं, फिरवलं, पुन्हा फिरवलं, खाचेत बसवून दाबलं. बसेना.

"मी अजून बोलत नाहीये तुमच्याशी," समोरून लेक म्हणाली.

"बरोबर आहे तुझं."

"नुसतं सांगून ठेवते. राग गेलेला नाही."

"नकोच जाऊ दे."

मामांनी लाकूड पुन्हा दाबलं.

"आणि ते उलटं धरलंय तुम्ही," ती म्हणाली. "मोडेल. आणा इकडं."